कापशीची पिल्लं

पिल्लू न्यायला आलेल्या माणसाला मावशी आधी पिल्लू दाखवायचीच नाही. खुर्ची द्यायची, पाणी द्यायची आणि मग चौकशीला बसायची. गॅलरीला जाळी आहे का? दिवसभर घरात कोण असतं? बदलीची नोकरी तर नाही ना? आधी मांजर होतं, त्याचं काय झालं? ‘मेलं’ म्हणालात तर कशानं, आणि ‘हरवलं’ म्हणालात तर शोधलंत कुठे कुठे? एक धिप्पाड कंत्राटदार या सरबत्तीने इतका घायकुतीला आला, की म्हणाला, “मावशी, लग्नाच्या वेळी सासऱ्यांनीसुद्धा मला एवढं विचारलं नव्हतं.”

“म्हणून तर त्यांच्या वाट्याला तुम्ही आलात,” मावशी म्हणाली.

तो खदाखदा हसला. आपल्यावरचा विनोद ज्याला सोसतो त्याला मांजरही सोसेल, असा हिशेब करून मावशीने त्याला पिल्लू दिलं.

ती खरं म्हणजे कुणाचीच मावशी नव्हती. बहिणीला मूल नव्हतं, तिलाही नव्हतं. पण गल्लीने एकदा नाव ठेवलं ते चिकटलं. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायची. संध्याकाळी घरी आली, की पर्शियन मांजरांच्या केसांचे गुंते सोडवत बसायची. तिच्याकडे एका वेळी दोन माद्या, फार तर तीन. एका मादीची दोनच वेतं, तीही मध्ये भरपूर विश्रांती देऊन. मग ऑपरेशन, आणि मग त्या मादीने उरलेलं आयुष्य खिडकीत लोळून काढायचं. पिल्लू तीन महिन्यांचं होऊन आईकडून सगळे धडे घेतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जायचं नाही. नेणाऱ्याने वेळेवर त्याचं ऑपरेशन करायचं, त्याच्यापासून पिल्लं काढायची नाहीत. आणि शेवटची अट ती बोट नाचवून सांगायची: “सांभाळणं जमेनासं झालं, तर ते इथे परत आणायचं. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, रस्त्यावर तर नाहीच. मी ‘का’ म्हणून विचारणार नाही. पण मांजर आहे ते, जुना सोफा नाही.”

मावशीचे यजमान सुतारकाम करायचे. गल्लीत सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे आणि लाडात आली की मावशीसुद्धा. बाळंत मांजरीसाठी ते स्वतः पेटी करायचे. पिल्लांची पोटं खरचटू नयेत म्हणून दाराची कड घासून घासून गोल केलेली, आणि आत चारही भिंतींना बोटभर उंचीवर एक पट्टी, म्हणजे आई आडवी झाली तरी पिल्लू भिंतीशी चेंगरायचं नाही. ही पट्टीची युक्ती त्यांची स्वतःची. मावशी प्रत्येक पेटीवरून हात फिरवून कुठेतरी एक खरखरीत जागा शोधून काढायची आणि मिस्त्री मुकाट्याने पुन्हा पॉलिशपेपर हातात घ्यायचे.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तेव्हा साय आजारी पडली.

साय ही मावशीची सगळ्यात देखणी मादी. पांढरीशुभ्र, एक डोळा निळा आणि एक मधाच्या रंगाचा. ज्या माणसाकडून मावशीने तिला आणलं होतं, त्याने सगळ्या तपासण्या झाल्यात म्हणून छातीठोक सांगितलं होतं. दुसऱ्या वेतानंतर ती खाईना, पाणी मात्र सारखं पिऊ लागली. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि पडद्यावर बोट ठेवून मावशीला दाखवलं. दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होत्या, द्राक्षांच्या घोसासारख्या.

“जन्मजात आहे हे,” बाई म्हणाल्या. “हळूहळू वाढतं. आणि पिल्लांपैकी निम्म्यांना तरी जातंच.”

मावशीने त्या आठवड्यात दुकानातून रजा घेतली आणि सायची पिल्लं ज्या ज्या घरी गेली होती तिथे स्वतः जाऊन सांगितलं. ज्यांना नको असेल त्यांनी परत द्या, म्हणाली. कुणीच परत दिलं नाही. दुसऱ्या वेतातली एक मादी अजून घरात होती, कापशी. आईसारखीच दुरंगी डोळ्यांची. गालातून कापसाच्या बोळ्याने नमुना घेऊन तपासणीला पाठवला, तर तिलाही तोच आजार निघाला. आज ठणठणीत होती, कदाचित पुढची कित्येक वर्षं राहिली असती. पण तिची पिल्लं व्हायला नकोत, ही मात्र दगडावरची रेघ.

आजारी पिल्लू कोण नेणार? आलेले लोक डोळे बघून हरखायचे आणि आजाराचं ऐकून चपला शोधायचे. मावशी ती स्वतःच ठेवणार होती. तेवढ्यात धाकटी आली.

धाकटी म्हणजे मावशीची सख्खी बहीण. आई गेल्यावर मावशीनेच तिच्या वेण्या घातल्या होत्या. तिची पाठवणीही मावशीनेच केली आणि तिचा नवरा दुसरा संसार थाटून निघून गेला तेव्हा तिला कुशीत घेऊन रडू देणारीही मावशीच होती. धाकटी एका कपड्यांच्या दुकानात उभ्याने काम करायची आणि दोन खोल्यांत एकटी राहायची. त्या दिवशी कापशी तिच्या पदरात शिरली आणि मोटर सुरू केल्यासारखी घुरघुरू लागली.

“ताई, ही मला दे,” धाकटी म्हणाली.

“अगं, तिला काय आहे ते माहितेय ना तुला?”

“माहितेय. म्हणून तर. तिला कुणी नको म्हणतंय, मलाही कुणी नकोच म्हटलं. दोघी राहू एकत्र. मला पिल्लंबिल्लं काही नकोत गं. घरी गेलं की कुणीतरी दाराशी यावं, बस.”

मावशीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सगळ्यांना विचारायचे ते प्रश्न तिने धाकटीला विचारलेच नाहीत. फक्त ऑपरेशनचं बजावलं.

आणि धाकटीने ते केलं. निदान मावशीला तसं वाटलं. कापशी ऑपरेशनच्या वयाची झाल्यावर ती स्वतःच आली, ऑपरेशननंतर गळ्यात घालायची ती फनेलसारखी कॉलर मागून घेऊन गेली. “आमच्या बाजूच्याच डॉक्टरांकडे केलं, तुझ्या डॉक्टरीणबाई फार लांब पडतात,” म्हणाली. मावशीने कोंबडी उकडून, हाडं काढून डबा पाठवला. नेऊन द्यायला मिस्त्री गेले. परत आल्यावर “बरी आहे ना?” म्हणून मावशीने विचारलं, तर ते करवतीला धार लावत म्हणाले, “बरी आहे.”

त्यानंतर मावशीचं धाकटीकडे जाणं कमी झालं, कारण धाकटीच तिच्याकडे यायची. “तुझ्या हातचा चहा प्यायला आले,” म्हणायची. कापशी कशी आहे विचारलं, की फोनवरचे फोटो दाखवायची. फोटोत कापशी नेहमी उशीवर बसलेली, एकटीच.

मग एका रविवारी सकाळी बँकेत काम करणारी एक मुलगी मावशीच्या दाराशी आली. हातात बुटांचा खोका, खोक्याला भोकं पाडलेली.

“मावशी तुम्हीच ना? तुमचं पिल्लू काहीच खात नाहीये हो.”

“माझं?” मावशीने तिला आत घेतलं. या मुलीला तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

खोक्यात मुठीएवढं पांढरं पिल्लू होतं. डोळे चिपडांनी चिकटलेले. मावशीने कोमट पाण्याने कापूस भिजवून हळूहळू ते पुसले. आधी निळा डोळा उघडला, मग मधाच्या रंगाचा.

मावशीने कापूस खाली ठेवला.

“कुठून आणलंस गं हे?”

“तुमच्या बहिणीकडून. त्या म्हणाल्या, तुम्ही दोघी मिळूनच करता. तुमच्याकडे नंबर लागायला वेळ लागतो म्हणून त्यांच्याकडून देतात. मी तुमचं नाव ऐकूनच घेतलं. माझ्या साहेबांकडे तुमच्याकडचा बोका आहे ना.”

“याला आईपासून कधी तोडलं?”

“तोडलं म्हणजे? दात आलेत म्हणाल्या. दूध-पोळी खाईल म्हणाल्या.”

पिल्लाला कसं भरवायचं ते मावशीने मुलीला करून दाखवलं, डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला, तपासणी कसली करायची ते समजावलं. मुलीचा चेहरा उतरला. “म्हणजे हे जगणार नाही?”

“जगेल. कदाचित खूप वर्षं जगेल. पण तुला हे आधी सांगायला हवं होतं. आणि नको असेल तर ते इथे ठेवून जा.”

मुलीने खोका छातीशी घट्ट धरला. “नको असेल तर काय! रात्रभर माझ्या मानेशी झोपतं हे.”

ती गेल्यावर मावशीने रिकामी टोपली उचलली आणि फोन न करता धाकटीकडे गेली. मिस्त्री एका कपाटाचं माप घ्यायला बाहेर गेले होते.

दार उघडल्यावर धाकटीचा चेहरा आधी हसला आणि टोपली पाहून विझला. “अगं ताई, सांगून तरी यायचंस. पसारा आहे सगळा.”

“कापशी कुठाय?”

“झोपलीय आत. थांब, मी आणते बाहेर.”

मावशी थांबली नाही. आतल्या खोलीचं दार लोटलं तसा तो वास आला. मांजरं असलेल्या घराला वास असतोच, पण हा वास वेगळा होता, न बदललेल्या ट्रेचा आणि आंबलेल्या दुधाचा. खिडकी बंद. कोपऱ्यात एका पेटीत कापशी पडली होती. आईसारखी झुपकेदार मांजर ती, पण आता अंगावरचे केस गोळे होऊन लटकत होते, पोटाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. पोटाला तीन पिल्लं लुचत होती. शेजारी तिच्या आधीच्या वेतातली दोन अर्धवट वाढलेली मांजरं एकमेकांवर फिसकारत होती. मावशीला पाहून कापशीने मान उचलली आणि तोंड उघडलं. आवाज आलाच नाही.

मावशी खाली बसली. तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तो पेटीच्या कडेवर पडला. कड गुळगुळीत होती. गोल. हात आत गेला, तो भिंतीलगतच्या पट्टीला लागला. बोटभर उंचीवर, चारही बाजूंनी.

अशी पेटी सबंध गावात एकच माणूस करायचा.

मावशी बराच वेळ त्या पट्टीवरून बोटं फिरवत राहिली. या पेटीला खरखरीत जागा कुठेच नव्हती. पलीकडे भिंतीशी अजून एक पेटी होती, नवीन, लाकडाचा वासही न गेलेली.

“भाऊजींना काही बोलू नकोस,” धाकटी मागून म्हणाली. “मीच गळ घातली त्यांना.”

“ऑपरेशन झालं म्हणालीस तू. कॉलर नेलीस माझ्याकडून.”

“करणारच होते. खरंच करणार होते, दिवससुद्धा ठरला होता. आदल्याच दिवशी ती माजावर आली आणि खिडकीतून सटकली. शेजारचा बोका... झाली पिल्लं. आता झालीच म्हटल्यावर काय पाण्यात बुडवायची होती? चांगल्या घरी दिली.”

“आणि दुसऱ्यांदा? तिसऱ्यांदा?”

धाकटी वाकून तो ट्रे उचलायला लागली.

“तिला काय आहे ते तुला माहीत होतं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी म्हटलं असतं अडाणी आहे. तुला सगळं माहीत होतं. माझ्या शेजारी बसून ऐकलं होतंस तू.”

“हो, होतं माहीत!” धाकटी एकदम उसळली. “सगळं तुझ्याकडूनच तर माहीत व्हायचं मला, लहानपणापासून. हे असं कर, ते तसं करू नकोस. लोक तुझ्या दाराशी रांग लावतात, मावशी मावशी करतात. मला कोण विचारतं? दिवसभर लोकांना साड्या उलगडून दाखवते, ते नाक मुरडून निघून जातात. ही पिल्लं झाली तेव्हा पहिल्यांदा माझ्या घरी माणसं आली, ताई. खुर्चीवर बसली, चहा प्याली, माझं ऐकून घेतलं. मी कुणीतरी झाले.”

“माझं नाव सांगून.”

“मग माझं नाव सांगून कोण आलं असतं?”

मावशीने कापशीला उचललं, पिल्लं एकेक करून टोपलीत घातली, त्या दोन मोठ्यांना पिशवीत घेतलं. धाकटी आडवी आली नाही. दाराशी मात्र म्हणाली, “मग मी एकटीने काय करायचं इथे?”

टोपली सांभाळत मावशी जिना उतरली.

घरी मिस्त्री आलेले होते. टोपलीतून कापशीचं तोंड दिसलं तसे ते उठून उभे राहिले, मग पुन्हा बसले.

“कधीपासून?” मावशीने विचारलं.

“अगं, पहिल्यांदा खरंच चुकून झालं होतं. डबा द्यायला गेलो तेव्हा कॉलर नुसती खुंटीला टांगलेली दिसली, विचारलं, तर ती रडायलाच लागली. ताईला सांगू नका, ती माझं तोंड बघणार नाही, म्हणाली. मांजर तर गाभण राहिलेली. जमिनीवर व्यायली असती. म्हटलं, निदान पेटी तरी करून द्यावी.”

“चूक मी समजू शकते. पण तुम्ही दोन पेट्या केल्यात.”

मिस्त्री नखाने टेबलावरचं सुकलेलं सरस खरवडत राहिले.

“आणि पिल्लं लोकांच्या घरी कुणी पोचवली?” हा प्रश्न तिने अंदाजाने विचारला होता. त्यांनी मान वर केली नाही तेव्हा अंदाज खरा निघाला. “स्कूटरवरून? फर्निचर पोचवायला जातो म्हणून सांगून?”

“तिच्याकडे गाडी नाही...”

“अहो, मी तुम्हाला संध्याकाळी सायच्या मूत्रपिंडांबद्दल सांगत बसायची. जेवताना. तुम्ही ‘हं’ म्हणायचात. ती मेली तेव्हा तुम्ही खड्डा खणलात. आणि त्याच हातांनी...”

“तुम्हा दोघींच्यात मी कुठे बोलणार?” मिस्त्री हळूच म्हणाले. “आणि खरं सांगू? ती पेटी बघून म्हणाली, भाऊजी, किती सुंदर झालीय. कुणी असं म्हणालं, की बरं वाटतं.”

हे ऐकून मावशी जास्तच दुखावली, कारण ते खरं होतं. तिने खरखरीत जागा शोधल्या होत्या, सुंदर कधी म्हटलं नव्हतं. पण म्हणून माणसाने असं करायचं? एकाला कुणी सुंदर म्हटलं नाही, दुसरीला कुणी विचारलं नाही, आणि त्याची भरपाई कोवळ्या पिल्लांच्या मूत्रपिंडांतून करायची?

त्या दिवसापासून घरात कामापुरतं बोलणं उरलं. मीठ द्या, दार लावा, दूध उतू जातंय.

पुढच्या सुटीच्या दिवशी मावशी पर्स घेऊन स्कूटरपाशी जाऊन उभी राहिली. “चला. सगळी घरं तुम्हाला ठाऊक आहेत. मला दाखवा.”

मिस्त्रींनी किल्ली घेतली. मग कित्येक सुट्या हेच चाललं. ते दाखवायचे, ही जिना चढायची, आणि ते खाली हेल्मेट मांडीवर घेऊन बसायचे. वर येतो असं एकदा म्हणाले, तर मावशी म्हणाली, “पिल्लू देताना वर गेला होतात ना, तेवढं पुरे.”

प्रत्येक दारात तिला तेच वाक्य म्हणावं लागायचं: “तुम्ही घेतलेल्या मांजराच्या आईला आजार आहे, तो यालाही असू शकतो.” सायच्या वेळी हेच सांगताना तिची मान ताठ होती, कारण तिलाही फसवलेलंच होतं आणि कळलं तशी ती धावत आली होती. आता मधे बहीण होती आणि नवरा होता, आणि ‘माझं नाही हो हे’ असं म्हणावं, तर ते दोघं तरी कुणाचे होते?

एका घरातल्या आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पाणी जास्त पितं ते त्याचमुळे का?” मग मांजराच्या डोक्यावर हात ठेवून ते बराच वेळ बसले. एका बाईने “तुमच्या नावावर विश्वास ठेवून घेतलं होतं” म्हणून दार लावून घेतलं, आपटलंही नाही, नुसतं लावलं, आणि ते आपटण्यापेक्षा जोरात लागलं. एका ठिकाणी भाडेकरू खोली सोडून गेले होते, मांजरासकट. कुठे गेले ते घरमालकाला माहीत नव्हतं. आणि शेवटच्या घरी एक हौशी शिक्षिका मावशीला पाहून हरखून गेली, हात धरून आत घेऊन गेली. “अगदी वेळेवर आलात! बघा ना, आमची पण आता आई होणार.” खुर्चीवर दुरंगी डोळ्यांची एक पांढरी मांजर फुगलेलं पोट घेऊन पसरली होती.

मावशी तिथल्या तिथे जमिनीवर बसली. मांजराशी खेळायला बसली असेल असं शिक्षिकेला वाटलं. खाली जिन्याशी मिस्त्री वाट बघत होते. ती आली तेव्हा तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी गाडी सुरू केली. वाटेत सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती त्यांच्या पाठीला म्हणाली, “आता याला शेवट नाही.”

बातमी फिरली. दुकानात येणारी गिऱ्हाइकं काचा पुसता पुसता विचारायची, “मावशी, ते मांजरांचं काहीतरी ऐकलं...” कंत्राटदार मात्र मुद्दाम घरी आला. “तुमच्याकडचा बोका माझा जावई आहे, त्याला काही होत नाही,” म्हणाला. ती हसली, पण तिला पहिल्यासारखं उलटं उत्तर सुचलं नाही.

मावशीने दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे, आता तिच्या दारातून कुठलंही पिल्लू ऑपरेशन झाल्याशिवाय बाहेर जाईनासं झालं. डॉक्टरीणबाई लहान पिल्लांचंही करून द्यायच्या, ती स्वतः टोपली घेऊन जायची, स्वतः बाहेर बाकावर बसायची आणि स्वतः टाके बघायची. आणि दुसरी म्हणजे, तिने चौकशी करणं सोडलं. लोक खुर्चीवर बसून प्रश्नांची वाट बघायचे. ती विचारायचीच नाही. माणूस गोड बोलून काय वाटेल ते सांगू शकतो, हे तिला आता कळलं होतं. तिने फक्त टाके असलेलं पिल्लू द्यायचं. मिस्त्रींना तिच्या या गप्प बसण्याची भीती वाटायची. एकदा ते म्हणाले, “विचार ना गं काहीतरी त्यांना, पहिल्यासारखं.”

कापशीचंही ऑपरेशन झालं. केसांचे गोळे कापून काढावे लागले, महिनाभर ती हजामत केलेल्या म्हातारीसारखी दिसायची. नंतर बारीक लव आली, मग केस आले. तिची पिल्लं हळूहळू आजार सांगून, समजावून, चांगल्या घरी गेली. ती मात्र मावशीकडेच राहिली. मिस्त्रींच्या बाकड्याखाली भुश्यात झोपायची. ते काम थांबवून ती उठायची वाट बघायचे.

धाकटीने फोन केले, मावशीने घेतले नाहीत. मग एका दुपारी ती स्वतःच आली. वाळली होती. खुर्चीच्या कडेवर बसली, ज्या खुर्चीवर लोक पिल्लू न्यायला येऊन बसायचे त्याच.

“दुकानातल्या बायका विचारत होत्या, हल्ली ताईकडे जात नाहीस का,” ती म्हणाली. “मी काय सांगणार?”

“जे झालं ते सांग.”

“ताई, घर खायला उठतं गं. मी सगळं स्वच्छ करून घेतलंय. खिडकीला जाळी लावलीय. एखादं पिल्लू... ऑपरेशन झालेलं. आता तर काही होऊच शकत नाही ना त्याला?”

ती मागत होती त्यात नाही म्हणायला खरोखरच जागा नव्हती. टाके असलेलं पिल्लू मावशी कुणालाही देत होती, नाव-गाव न विचारता. तरी तिच्या तोंडून ‘हो’ निघेना.

तेवढ्यात बाकड्याखालून कापशी बाहेर आली. अंगाला भुसा लागलेला. ती थांबली, हवेत नाक उंचावून हुंगलं, आणि तुरुतुरु चालत सरळ धाकटीकडे गेली. तिच्या पायांवर डोकं घासलं, मग उडी मारून मांडीवर चढली, दोन गिरक्या घेतल्या आणि डोळे मिटून घुरघुरू लागली. धाकटीने तिच्या पाठीत तोंड खुपसलं. तिचे खांदे हलायला लागले.

मावशी ते बघत राहिली. या मांजरीसाठी ती घराघरांचे जिने चढली होती. रात्री उठून तिला औषध पाजलं होतं, तिच्यापायी नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं. आणि कापशीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला तो पदर आठवत होता, तो वास आठवत होता. बंद खिडकी, ओढून घेतलेली पिल्लं, सगळं सगळं झाल्यावरसुद्धा तिला धाकटीच आपली वाटत होती. मावशीला तिचा राग आला. मुक्या जनावराचा राग येतो याची लाज वाटली, तरीही राग गेला नाही.

ती आत जाऊन चहा टाकायला लागली. हात सवयीने तीन कपांकडे गेला. मिस्त्री स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

“तिला पिल्लू देऊ नकोस,” ते म्हणाले. “मी सांगतो. देऊ नकोस.”

इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी ठाम सांगितलं होतं. मावशीने त्यांच्या हातात एक कप दिला.

चहा पिऊन झाला, ऊन उतरलं, तेव्हा धाकटीने कापशीला अलगद खाली ठेवलं. साडीवरचे केस झटकले नाहीत. दाराशी चपला घालताना तिने विचारलं, “मग मी येऊ ना, हिला भेटायला?”

या घरात ती आजवर कधीही, कुठूनही, दार ढकलून आत यायची. सांगून यायचं ते परक्यांनी.

“ये,” मावशी म्हणाली. “पण येण्याआधी फोन करत जा.”